पाठमोऱ्या बाई

कुणाच्या घरी पहिल्यांदा पाऊल टाकायचं आणि ज्या मुलीसाठी आलो तिच्याकडेच पाठ करून बसायचं, असं करणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. आमच्या घाटकोपरच्या चाळीत त्या प्रथम आल्या तेव्हा सासूबाईंनी धुतलेली सतरंजी अंथरली होती. मी वंदूला नवा फ्रॉक घालून, केस विंचरून समोर बसवली होती, जणू दाखवण्याचा कार्यक्रमच. बाईंनी दारात चपला काढल्या, हातातल्या काचेच्या बांगड्या एकेक करून उतरवून रुमालात बांधल्या आणि वंदूकडे ढुंकूनही न बघता भिंतीकडे तोंड करून बसल्या. म्हणाल्या, "काही निवडायचं आहे का? तांदूळ, डाळ, काहीही द्या." मी सुपात तूरडाळ ओतून दिली. बाई तासभर डाळ निवडत राहिल्या आणि उठताना म्हणाल्या, "पोर खिडकीपासून पलंगापर्यंत आली. आजच्यापुरतं पुष्कळ झालं." त्याच संध्याकाळी चाळीने त्यांचं बारसं केलं. पाठमोऱ्या बाई.

सासूबाईंना डाळीपेक्षा बांगड्यांचं जास्त लागलं. "सवाशीण बाई बांगड्यो काढून कशी बसता गो?" त्यांनी मला स्वयंपाकघरात ओढून विचारलं. सासूबाई मालवणच्या बाजूच्या, मुंबईत येऊन तीस वर्षं झाली तरी जीभ गावचीच. मी बाईंना सरळच विचारलं. त्या म्हणाल्या, "बांगडी वाजली की तुमची मुलगी बांगडी ऐकते. मग मी कुठे ऐकू येणार?" बाईंचे यजमान धडधाकट होते आणि विक्रोळीला कारखान्यात कामाला होते, हे सांगून मी सासूबाईंची समजूत घातली. ती अर्धीच पटली.

आता वंदूबद्दल सांगायला हवं. वंदना आमची एकुलती एक. तेव्हा ती पाच वर्षांची होती आणि एक शब्द बोलत नव्हती. हाक मारली तर वळत नसे. डब्याची झाकणं जमिनीवर गरगर फिरवायची आणि त्यांच्याकडे बघत राहायची. कुणी उचलून घेतलं की लाकडासारखी ताठ व्हायची. चाळीत ज्याला त्याला निदान ठाऊक होतं. कुणी म्हणे बहिरी आहे, कुणी म्हणे लाडावली आहे, कुणी म्हणे आई नोकरीला जाते म्हणून. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. दिवसभर अनोळखी माणसांची बोलणी जोडून द्यायची आणि घरी आलं की स्वतःच्या लेकीशी लाइन लागत नाही, असा माझा संसार होता. तिच्या पाठीमागे जाऊन थाळी बडवणं हा तर आमच्या मजल्याचा खेळच झाला होता. जो येई तो थाळी बडवून बघे. वंदू कधी ढिम्म बसे, कधी कानांवर हात दाबून किंचाळे, आणि लोक पुन्हा वाद घालत, ऐकू येतं की नाही.

कान तपासायला म्हणून मी तिला इस्पितळात नेलं. डॉक्टर भला होता. त्याने नीट तपासलं आणि कान उत्तम आहेत म्हणाला. पुढे काय, ते त्यालाही सांगता येईना. बाहेरच्या बाकावर सुती साडीतली एक ठेंगणी बाई दुसऱ्याच एका मुलाला घेऊन बसली होती. ती आमच्या मागोमाग गेटपर्यंत आली. म्हणाली, "मी अशा मुलांना शिकवते. वय काय हिचं?" मी सांगितलं, पाच. ती म्हणाली, "दोनची असताना भेटायला हवी होती." माझं डोकंच फिरलं. "आणि तुम्ही कुठे होतात तेव्हा?" मी रस्त्यातच ओरडले. "मला काय स्वप्न पडणार होतं तुमचं?" दुसरी कुणी असती तर निघून गेली असती. बाई तिथेच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "खरं आहे. आम्हीच यायला हवं होतं." आणि त्यांनी माझा पत्ता विचारला.

बाईंनी मतिमंद मुलांच्या शाळेत शिकवण्याचं रीतसर शिक्षण घेतलं होतं. तिथेच त्यांना काही मुलं वेगळी दिसली. मंद नव्हेत, बहिरी नव्हेत, आपल्याच तंद्रीत असलेली. त्या विक्रोळीच्या डोंगरउतारावरच्या वस्तीत राहत. तिथल्या बुद्धविहाराच्या हॉलमध्ये सकाळी अशा मुलांचा वर्ग घेत. मला त्यांनी नाव सांगितलं, ऑटिझम. मी विचारलं, यावर औषध काय? "औषध नाही. शिकवणं आहे." मग मी सगळ्या आया विचारतात तेच विचारलं, बोलेल ना? बाई म्हणाल्या, "माहीत नाही." मी चिडले. निदान होईल म्हणा, म्हटलं. त्यावर त्या म्हणाल्या, "होईल म्हणायला माझं काय जातं? जाईल ते तुमचं." पुढे इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून 'होईल' हा शब्द एकदाही ऐकला नाही.

दर शनिवारी संध्याकाळी त्या येत. पाठ करून बसण्याचं कारण त्यांनी मला तिसऱ्या खेपेला सांगितलं. "समोरून माणूस आलं की ते काहीतरी मागतं. बोल, बघ, नमस्कार कर, पापा दे. पाठ काही मागत नाही." आणि खरोखर, चौथ्या की पाचव्या शनिवारी वंदू मागून आली आणि बाईंच्या अंबाड्यातली पिन काढून घेऊन गेली. अंबाडा सुटून केस पाठीवर आले. बाई हलल्या नाहीत. दुसरी पिन काढून त्यांनी हात तसाच मागे धरला. वंदूने ती घेतली. माझ्या लेकीने माणसाच्या हातातून आपण होऊन काही घेतलं ते पहिलं. मी मोरीत जाऊन रडून आले.

सगळं असं गोड मात्र नव्हतं. सासूबाई बाईंना चहा देत तो वेगळ्या कपात. कान तुटलेला कप होता, तो खिडकीत वेगळा ठेवलेला असे. का, ते सांगायला नको. बाईंनी पहिल्याच दिवशी ओळखलं. चहा प्यायल्या, कप स्वतः विसळला, खिडकीत पालथा घातला आणि म्हणाल्या, "आजी, भांड्याचं आपण नंतर बघू. आधी पोरीचं बघू." पुढच्या शनिवारी मी तो कप कचऱ्यात टाकला आणि माझ्या स्टीलच्या पेल्यात बाईंना चहा दिला. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

पण सासूबाईंना दुष्ट ठरवून मोकळं व्हावं, तर तेही खरं नव्हे. मी ड्यूटीला गेल्यावर वंदूला सांभाळत होतं कोण? त्याच. वंदूला उघडं दार दिसलं की ती चालू पडे, रस्ता की गटार काही न बघता. सासूबाई जुन्या लुगड्याचा पट्टा तिच्या कमरेला बांधत आणि दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला. दुपारी डोळा लागला तरी हात ओढला की जाग यावी म्हणून. त्यांचं मनगट सोलवटलेलं असे. शेवटी श्रावणात त्यांनी माझ्या नवऱ्याजवळ विषय काढला. "माका आता धावाक होणा नाय. गणपतीक गावाक जातंव, तेव्हा चेडवाक थंयच ठेवूया. माझी जाऊ आसा, भावजयी आसत. मोकळ्या हवेत बोलाक लागात." हे लगेच हो म्हणाले. चाळीतल्या कितीतरी घरांनी असं केलं होतं. जे पोर मुंबईत मावत नाही, ते गावी. तिथून परत आलेलं मात्र मी एकही पाहिलं नव्हतं. मी भांडले, जेवण टाकलं, नोकरी सोडते म्हटलं. हे म्हणाले, "सोड, आणि खोलीचे हप्ते तू भर." एसटीची तिकिटं काढून झाली. त्यात वंदूचं तिकीट जाण्याचंच होतं.

बाईंना सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "तुमच्या घरात मला मत नाही." मला वाटलं होतं, त्या माझ्या बाजूने उभ्या राहतील. मी मनातून त्यांच्यावरही उठले.

गावी जायच्या आदल्या आठवड्यात चाळीची सत्यनारायणाची पूजा होती. चौकात मांडव, खाली पाट, भटजी, आणि मांडवाच्या खांबाला भाड्याचा लाउडस्पीकर. शनिवार होता. कथा सुरू झाली होती. सासूबाई कथेला बसल्या होत्या, वंदू शेजारी, पट्टा मनगटाला. पूजेचं ताट पुढे घेताना त्यांनी पट्टा सोडून पायाखाली धरला. तेवढ्यात लाउडस्पीकर कर्णकर्कश वाजला, आणि खाली बघतात तो पट्टा पायाखाली नुसताच, कमरेकडची गाठ सुटलेली.

मग चाळ जे करते ते चाळीने केलं. सगळे धावत सुटले. वंदू, वंदू, अशा हाकांनी गल्ली दुमदुमली. पोरांनी थाळ्या वाजवल्या. भटजींची कथा चालूच होती. मंडळाच्या सेक्रेटरीने माइक हातात घेतला आणि मिनिटामिनिटाला पुकारा सुरू केला, "वंदना, जिथे असशील तिथून मांडवात ये!" गल्लीच्या एका टोकाला हायवे, दुसऱ्या टोकाला पावसाने फुगलेला नाला. हे हायवेकडे धावले, मी नाल्याकडे. नाल्याच्या काठावर तिची एक चप्पल होती. पाणी काळं, जोरात वाहत होतं. मला पुढचं काही दिसेनासं झालं. कुणीतरी धरून मला मांडवात आणलं, तेवढ्यात समोरून बाई आल्या. त्यांचा नेहमीचा शनिवार.

बाईंनी माझ्या हातातली चप्पल घेतली, आवाजाकडे कान दिला आणि सरळ सेक्रेटरीकडे गेल्या. "हे बंद करा." तो म्हणाला, "अहो बाई, आम्ही पुकारतोय ना तिला!" बाई म्हणाल्या, "तुम्ही पुकारत नाही, हाकलताय. हा आवाज चालू आहे तोवर ती लांब लांब जाणार. भोंगा बंद करा, थाळ्या बंद करा, कथा थांबवा." कथा थांबवा म्हटल्याबरोबर गर्दी चपापली. सत्यनारायणाची कथा मधे तोडायची? प्रसाद नाकारणाऱ्याचं काय होतं, ते त्याच कथेत आहे. भटजी म्हणाले, असं करता येणार नाही. मागून कुणी म्हणालं, "ही कोण आम्हाला सांगणारी? हिला काय पूजेचं?" ते वाक्य कुठे चाललं होतं ते सगळ्यांना कळलं. बाईंनी तिकडे बघितलंच नाही. त्या सासूबाईंपुढे उकिडव्या बसल्या आणि विचारलं, "आजी, दिवसभर तुम्ही असता तिच्याजवळ. तिला सगळ्यात काय आवडतं?"

सासूबाईंनी डोळे पुसले. मग म्हणाल्या, "गिरण. पिठाची गिरण. पट्टो फिरता तो बघीत रवता." रोज दुपारी त्या वंदूला गल्लीतल्या गिरणीपाशी नेऊन उभ्या करत, हे मला, तिच्या आईला, तोवर ठाऊक नव्हतं. गिरणी पूजेसाठी बंद होती आणि गिरणीवाला मांडवातच उभा होता. बाई त्याला म्हणाल्या, चालू कर. तो भटजींकडे बघायला लागला. भटजी सेक्रेटरीकडे. कुणी हलेना. तेव्हा सासूबाई उठल्या. जन्मात एकादशी न चुकवलेली ती बाई. हात जोडून त्यांनी देवाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "देव थांबतलो. माझां चेडू थांबाचां नाय. बंद करा तो भोंगो!"

भोंगा बंद झाला. गिरणी सुरू झाली, पट्ट्याची ती एकसुरी फटफट गल्लीभर पसरली. बाईंनी सगळ्यांना बोट ओठावर ठेवून खुणावलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "गिरणीकडे पाठ करा. कुणी बघायचं नाही. आली तरी धावायचं नाही." आणि अख्खी चाळ, भटजींसकट, गल्लीकडे पाठ करून उभी राहिली. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत लांब वेळ. मागे वळून बघू नये म्हणून मी बाईंचा दंड इतका घट्ट धरला होता, की नंतर तिथे वळ उठले. मनात नाल्याचं पाणी वाहत होतं. शेवटी माझ्या अंगाला घासून काहीतरी गेलं, ओलं आणि चिखलाच्या वासाचं. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं, वंदू कमरेपर्यंत भिजलेली होती. दोन्ही हात कानांवर दाबून ती गिरणीच्या दारात जाऊन उभी राहिली आणि मग तिने हात खाली घेतले.

त्या आनंदात कुणालाही वाटेल, प्रश्न सुटला. उलट झालं. हे संतापले होते. घरात आल्याआल्या म्हणाले, "बघितलंत? आता एक दिवससुद्धा नको. उद्याच गावी." आणि या वेळी मलाही तोंड उघडता येईना, कारण कमरेपर्यंतचं पाणी मी बघितलं होतं. बाई उंबऱ्यातच उभ्या होत्या. ह्यांनी त्यांना विचारलं, "तुम्ही हमी देता, पुन्हा असं होणार नाही?" बाई म्हणाल्या, "नाही देत." मग त्यांनी सासूबाईंना विचारलं, "आजी, गावच्या घराला विहीर आहे?"

सासूबाई वंदूचे पाय पुसत होत्या. हात थांबला. "आसा," त्या म्हणाल्या. बाईंनी पुढे काही विचारलं नाही. वंदूचा दुसरा पाय पुसता पुसता सासूबाई स्वतःच पुटपुटल्या, "कठडो नाय तिका." बाई आत येऊन त्यांच्याजवळ बसल्या, या वेळी अगदी समोर. म्हणाल्या, "आजी, तुम्ही दमलात. हे मनगट बघा काय झालंय. तुम्हाला कुणी विचारलंय का कधी, दमलात का म्हणून?" सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. बाई म्हणाल्या, "सकाळी पोर माझ्याकडे द्या. मी न्यायला येईन, सोडायला येईन. तेवढा वेळ दार लावून झोपा."

त्या वर्षी हे एकटेच गणपतीला गेले. कोकणातल्या म्हातारीने गावचा गणपती चुकवायचा म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. चतुर्थीच्या सकाळी सासूबाई आमच्या खोलीत गावच्या दिशेला तोंड करून बसल्या होत्या आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. पण "नेलां असतां तर बरां झालां असतां" असं त्या मरेपर्यंत म्हणाल्या नाहीत. वंदू आमच्याजवळ राहिली.

विहारातल्या वर्गात ती शिकली. स्वतःच्या हाताने जेवायला, कपडे घालायला, दाराशी थांबून कुणी हात धरेपर्यंत वाट बघायला. तहान लागली की पेला आणून हातात द्यायला. बोलायला मात्र नाही शिकली. बाई मला आठवण करून देत, "मी काही कबूल केलं नव्हतं हं." मी म्हणे, ठाऊक आहे, नका जीव खाऊ.

मात्र इस्पितळाच्या गेटवर मी ओरडले होते, ते त्या विसरल्या नव्हत्या. पुढे त्यांनी एक नवंच खूळ घेतलं. म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात लहान मुलांना डोस द्यायचा दिवस असला की बाई रांगेच्या कडेला जाऊन उभ्या राहत. कडेवरची पोरं निरखत. कोण आईच्या तोंडाकडे बघतं, कोण बोट दाखवतं, कोण हाकेला वळत नाही. एखादं पोर तसं वाटलं की त्या आईला बाजूला घेत. लोकांनी त्यांना काय काय म्हटलं! चांगल्या पोरात खोट काढते, दृष्ट लावते, वर्गाला पोरं हवीत म्हणून फिरते. एका सासऱ्याने त्यांना ढकलून दिलं, मनगट मुरगळलं. दुसऱ्या खेपेला पट्टी बांधून त्या पुन्हा रांगेत. मी म्हटलं, बाई, कशाला मार खाता? म्हणाल्या, "पाचव्या वर्षी शिव्या खायच्या त्या दुसऱ्या वर्षी खाते."

गेल्या वर्षी बाई गेल्या. विहारात त्यांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता, मी वंदूला घेऊन गेले. हॉल माणसांनी भरला होता आणि त्यात बाईंचे विद्यार्थी, आता पोक्त झालेले. कुणी मागेपुढे झुलत होतं, कुणी गुणगुणत होतं, एकजण भंतेजींच्या वंदनेच्या मध्येच टाळ्या वाजवत होता. कुणी कुणाला गप्प केलं नाही. पाणी वाटायला एक उंच, चष्म्याचा माणूस फिरत होता. प्रत्येकापुढे थांबून तो एकाच सुरात म्हणे, "नमस्कार. माझं नाव समीर. पाणी घ्या." त्याची आई माझ्या शेजारीच बसली होती. म्हणाली, "दीड वर्षाचा होता हो. डोसाच्या रांगेत हेरला बाईंनी. मी तर त्यांना चप्पल दाखवली होती."

दीड वर्षाचा. मी हिशेब केला नाही, तो आपोआप झाला. वंदूच्या वेळी बाई माझ्या रांगेत नव्हत्या, आणि मी रस्त्यात भांडले म्हणून त्या समीरच्या रांगेत उभ्या राहिल्या. मला आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण खरं सांगते, त्याहून आधी जळफळाट झाला. त्या बाईचा मुलगा बोलत होता. चार वाक्यं का होईना, तो स्वतःचं नाव स्वतःच्या तोंडाने सांगत होता. मी रडले ते बाईंसाठी की माझ्यासाठी, ते मला आजही सांगता यायचं नाही.

समीर आमच्यापुढे आला. वंदूला म्हणाला, "नमस्कार. माझं नाव समीर. तुझं नाव काय?" आणि थांबला. उत्तर यायचं नव्हतं. मी सवयीने तोंड उघडलं, तर त्याच्या आईने माझा हात दाबला. तो तसाच उभा राहिला, पेला धरून, घाई न करता. बाईंनी शिकवलेलं पोर ते. बऱ्याच वेळाने वंदूने पेला घेतला, अर्धा प्याली, आणि उरलेलं पाणी माझ्या ओठांना लावलं. मी ते प्याले.